आधी माउंट, मग दुर्बीण

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातील हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या गावी हेन्री ड्रेपर यांनी आपल्या खासगी वेधशाळेतील ११ इंची दुर्बीण मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे वळवली आणि ५१ मिनिटे ती तिथून ढळू दिली नाही. वैद्यकशास्त्र शिकलेल्या या हौशी खगोलप्रेमीने घेतलेले ते जगातले तेजोमेघाचे पहिले छायाचित्र. तेजोमेघाचा उजळ गाभा तेवढा त्यात उमटला होता. मार्च १८८२ मध्ये त्यांनी त्याच दुर्बिणीतून तोच तेजोमेघ पुन्हा टिपला, या वेळी सलग १३७ मिनिटे. आता गाभ्याभोवतीचे फिकट पदर आणि त्यांच्यातले बारीक तारेही काचेवर आले. दुर्बीण तीच होती. वाढला होता तो वेळ, आणि तेवढा वेळ दुर्बिणीला आकाशाबरोबर अचूक फिरवत ठेवणाऱ्या यंत्रणेवरचा हात.

खगोल छायाचित्रणाची साधने निवडताना कशाला किती महत्त्व द्यायचे, हे या दोन छायाचित्रांवरून ठरवता येते. दुर्बिणीचा व्यास ही त्यातली एकच बाब आहे. आकाशाच्या गतीशी जुळवून घेणारा माउंट, प्रकाश गोळा करायला मिळणारा वेळ आणि आकाशाचा काळोख या तीन गोष्टी तिच्याइतक्याच, बहुतेक वेळा तिच्याहून अधिक मोलाच्या असतात. पुढील पानांत साधनांची ओळख याच क्रमाने करून दिली आहे, आणि खर्चाचा क्रमही हाच असावा असा या पुस्तकाचा स्पष्ट आग्रह आहे.

ड्रेपर यांच्यानंतर काही वर्षांतच लिव्हरपूलचे बांधकाम व्यावसायिक आयझॅक रॉबर्ट्स यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून २० इंची परावर्ती दुर्बीण करवून घेतली आणि त्याच माउंटवर ७ इंची दुसरी दुर्बीण बसवली. मोठीतून छायाचित्र घ्यायचे आणि छोटीतून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवून मोठीची दिशा सांभाळायची, अशी ती जोडी होती. १८८८ मध्ये या जोडीने देवयानी दीर्घिकेचे सर्पिल पट्टे प्रथमच स्पष्ट दाखवले. आज हौशी छायाचित्रकार मुख्य दुर्बिणीवर बोटभर लांबीची गाइड दुर्बीण आणि छोटा कॅमेरा लावतो, ती हीच युक्ती. फरक एवढाच, की नजर ठेवण्याचे काम आता संगणक करतो.

महाराष्ट्रालाही या इतिहासात जागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. भावनगर संस्थानाच्या देणगीतून आलेली तिथली २० इंची दुर्बीणही ग्रब यांचीच होती आणि त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी नायगमवाला आपले पथक घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

तेव्हा अशी सामग्री धनिक व्यावसायिकांच्या किंवा संस्थानिकांच्याच आवाक्यात होती. आज मृगातल्या तेजोमेघाचे ड्रेपर यांच्याहून कितीतरी सरस छायाचित्र जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याने आणि साध्या लेन्सने निघते. तरीही पहिल्या खरेदीत फसगत होणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण खरेदी भलत्या टोकापासून सुरू होते. ‘किती पट मोठे दिसते?’ हा पहिला प्रश्न असतो आणि खोक्यावर छापलेला ‘५२५ पट’ हा आकडा त्याचे उत्तर देतो. दुर्बिणीचे उपयुक्त विशालन तिच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीचे दीडशे पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक आणि लिबलिबीत होते. शिवाय छायाचित्रणात विशालन हे मापच वापरात नाही. तिथे विचार करायचा तो फोकल लेंथचा (भिंग किंवा आरशापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतच्या अंतराचा), सेन्सरच्या आकाराचा आणि पिक्सेलचा.

या तिघांना जोडणारे एक छोटे सूत्र आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यायचा, त्याला २०६ ने गुणायचे आणि फोकल लेंथच्या मिलिमीटरने भागायचे. उत्तर येते ते एका पिक्सेलवर आकाशातल्या किती विकला मावतात याचे. (एका अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला.) कॅननच्या १८ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यांत पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा असतो. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर पिक्सेलमागे जवळपास १८ विकला येतात, १३५ मिलिमीटरला साडेसहा आणि ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १.४.

आता यात पृथ्वीची गती मिळवून पाहावी. तारे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतात, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एका सेकंदात तो एक पिक्सेलही ओलांडत नाही. ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर तेवढ्याच वेळात ११ पिक्सेल पार करतो. फोकल लेंथ वाढली की माउंटची परीक्षा तितक्याच पटीने कडक होते. मोठी दुर्बीण आणि डगमगता स्टँड ही जोडी सर्वांत महाग पडणारी चूक का ठरते, ते या दोन आकड्यांत दिसते.

म्हणून पहिली पायरी बिनदुर्बिणीची. कॅमेरा, ट्रायपॉड, एक साधी लेन्स आणि शटर न हलवता उघडणारा इंटरव्हॅलोमीटर. छायाचित्रकारांमध्ये ‘पाचशेचा नियम’ प्रचलित आहे: ५०० ला फोकल लेंथने भागले की ताऱ्यांच्या रेघा न उमटता किती सेकंद एक्स्पोजर देता येईल ते कळते. फुल फ्रेम सेन्सरवर ५० मिलिमीटरला हे उत्तर १० सेकंद येते. पण हा नियम फिल्मच्या काळातला आहे. आजच्या बारीक पिक्सेलवर १० सेकंदांत तारा सात-आठ पिक्सेल ओढला जातो आणि छायाचित्र मोठे करून पाहताच ते जाणवते. तेव्हा नियमाने आलेल्या वेळेच्या निम्म्यावर थांबणे बरे, आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याहूनही अलीकडे.

तीन-चार सेकंदांत काय मिळणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. एका छायाचित्रात फारसे मिळतही नाही. पण अशी शेकडो छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकमेकांशी जुळवून सरासरी काढली, की खरा प्रकाश टिकतो आणि यादृच्छिक कुरकुर विरत जाते. याला स्टॅकिंग म्हणतात. प्रकाश आणि कुरकुर यांचे गुणोत्तर छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुधारते: चौपट छायाचित्रांना दुप्पट स्वच्छता, सोळापट छायाचित्रांना चौपट. यासाठी लागणारी डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. नंतरच्या रंगकामासाठी गिंप आणि आकाशाचा नकाशा म्हणून स्टेलॅरियम हीही मोफतच. साधनांच्या यादीत पैसे न लागणारा हा एवढा मोठा भाग असताना नवशिक्याने तो आधी आत्मसात करणे हेच किफायतीचे.

दुसऱ्या पायरीवर कॅमेरा आकाशाबरोबर फिरू लागतो. त्याचा सर्वांत स्वस्त प्रकार घरी बनतो. स्कॉटलंडच्या जी. वाय. हेग यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेल्या या साधनात दोन फळ्या एका बिजागरीने जोडलेल्या असतात आणि एक आटेदार सळई त्यांना हळूहळू उघडत जाते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एम-६ सळईच्या आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते. ती बिजागरीच्या अक्षापासून २२८.६ मिलिमीटरवर बसवली आणि मिनिटाला एक फेरी दिली, की वरची फळी ताऱ्यांच्या वेगाने फिरते. एम-८ सळई वापरायची तर आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर होते आणि सळईची जागा २८५.७ मिलिमीटरवर जाते. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला हवा, एवढीच अट. सळई सरळ असल्याने काही मिनिटांनी चूक साचत जाते, तरी रुंद कोनाच्या लेन्सला हे साधन पुरते. शाळेच्या विज्ञान मंडळाने एका रविवारी करावे असे हे काम आहे.

बाजारात तयार मिळणारे छोटे ट्रॅकर, उदाहरणार्थ स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर प्रो, हेच काम मोटरने आणि अधिक अचूक करतात. त्यांच्यावर १३५ मिलिमीटरची लेन्स चढवली की कॅननच्या लहान सेन्सरवर सुमारे साडेनऊ बाय सव्वासहा अंशांचे आकाश मावते. देवयानी दीर्घिका सुमारे तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्रांइतकी लांब आहे. ती या चौकटीत ऐसपैस बसते. ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत त्याच कॅमेऱ्याला जेमतेम दोन अंश मिळतात आणि दीर्घिकेची दोन्ही टोके कापली जातात. सॅमयांगची १३५ मिलिमीटर एफ/२ लेन्स खगोल छायाचित्रकारांत एवढी लाडकी का, याचे कारण हे क्षेत्र आणि तिचा वेग. सेन्सरच्या तेवढ्याच तुकड्यावर ती एफ/५ दुर्बिणीच्या सहापट प्रकाश टाकते.

लेन्सला दुय्यम समजणाऱ्यांनी ड्रॅगनफ्लायचे उदाहरण पाहावे. पीटर व्हान डॉकम आणि रॉबर्टो अब्राहम या व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी कॅननच्या ४०० मिलिमीटर एफ/२.८ टेलिफोटो लेन्स एकत्र जोडून ही दुर्बीण बनवली. तिच्याच साहाय्याने २०१५ मध्ये त्यांनी कोमा दीर्घिकासमूहात अत्यंत विरळ अशा ४७ दीर्घिका शोधल्या. या लेन्स स्वस्त मुळीच नाहीत. पण फिकट, पसरट वस्तूंसाठी अवाढव्य आरशाऐवजी वेगवान लेन्स आणि लांब एक्स्पोजर निवडण्यामागचा विचार हौशी माणसाच्या कामाचा आहे.

तिसरी पायरी विषुववृत्तीय, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणाऱ्या, माउंटची आणि छोट्या दुर्बिणीची. अंदाजपत्रकाचा निम्मा वाटा इथे एकट्या माउंटला द्यावा लागतो आणि तो देताना हात आखडला, की उरलेला निम्मा वाया जातो. कंपनी माउंटची जी भारक्षमता सांगते, तिच्या निम्म्यापर्यंतच छायाचित्रणाचा भार ठेवावा. दुर्बीण, कॅमेरा, गाइड दुर्बीण, कड्या, केबल असे सगळे मिळून. स्वस्त माउंटच्या दातेरी चाकांत ठरावीक काळाने कित्येक विकलांची मागेपुढे होते. तिच्यावर उपाय म्हणजे गायडिंग. ३० मिलिमीटरची गाइड दुर्बीण, लहानसा कृष्णधवल कॅमेरा आणि पीएचडी२ हे मोफत सॉफ्टवेअर मिळून दर काही सेकंदांनी माउंटला दुरुस्ती सुचवत राहतात.

महाराष्ट्र आणि गोव्यात माउंट वापरताना एक अडचण येते, जिचा उल्लेख युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत क्वचितच असतो. ध्रुवतारा क्षितिजावर स्थळाच्या अक्षांशाइतकाच वर असतो: नागपुरात २१ अंश, मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा, कोल्हापुरात १७ च्या आत आणि पणजीत साडेपंधरा. एवढ्या खाली तो समोरच्या इमारतीमागे, झाडामागे किंवा क्षितिजावरच्या धुरकटात हरवतो. माउंटचा ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काही माउंटमध्ये प्रतिभाराचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटतो. म्हणून खरेदीपूर्वी माउंट किती अक्षांशापर्यंत खाली झुकतो हे तपासावे, ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये उंची वाढवणारा खांब मिळतो का ते पाहावे, आणि छायाचित्रणाची जागा उत्तरेकडे मोकळी निवडावी. कॅमेऱ्याने घेतलेल्या दोन-तीन छायाचित्रांवरून ध्रुवाची दिशा काढून देणारी सॉफ्टवेअरही आता आहेत. ध्रुवतारा न दिसणाऱ्या गच्चीवर त्यांचा मोठा आधार होतो.

एवढे झाल्यावर दुर्बिणीचा प्रकार निवडणे सोपे जाते. साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत तेजस्वी ताऱ्यांभोवती निळी-जांभळी वलये उमटतात. ईडी (रंग कमी विखुरणाऱ्या) काचेची ६० ते ८० मिलिमीटरची दुर्बीण ती बरीच आटोक्यात आणते, वजनाला हलकी असते आणि प्रवासात तिची जुळणी बिघडत नाही. कडेचे तारे टोकदार राहावेत म्हणून तिला फ्लॅटनर लागतो आणि त्याचा खर्च आधीच धरावा लागतो. तेवढ्याच पैशांत न्यूटन पद्धतीची १३० मिलिमीटरची परावर्ती दुर्बीण जास्त प्रकाश देते. तिच्या आरशांची जुळणी मात्र दर वेळी तपासावी लागते आणि वाऱ्यात तिची नळी हेलकावते. नेत्रवेधासाठी बनवलेल्या अनेक न्यूटन दुर्बिणींत प्रतिमा नळीच्या इतकी जवळ तयार होते, की कॅमेरा लावल्यावर फोकसच मिळत नाही. पुण्याच्या आयुकातील किंवा खगोलमंडळांच्या कार्यशाळेत स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. मुख्य आरसा नळीत काही सेंटिमीटर पुढे बसवला की प्रश्न सुटतो.

डॉब्सोनियन दुर्बिणीबद्दल इथेच सांगणे योग्य. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवणाऱ्या जॉन डॉब्सन यांनी रुळवलेला हा लाकडी खोक्याचा साधा माउंट पैशाच्या मानाने सर्वांत मोठा आरसा देतो. डोळ्यांनी पाहण्यासाठी त्याला तोड नाही. दीर्घ एक्स्पोजरसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. चंद्र आणि ग्रहांसाठी मात्र उत्तम चालतो, कारण ग्रहांच्या छायाचित्रणाचे शास्त्रच वेगळे आहे.

गुरूचे बिंब आकाशात ४५ विकलांच्या आसपास असते. १५०० मिलिमीटर फोकल लेंथच्या दुर्बिणीत ते सेन्सरवर अवघे एक तृतीयांश मिलिमीटर भरते. डीएसएलआरचा मोठा सेन्सर इथे रिकामाच राहतो. हवा असतो तो लहान पण झपाट्याने चित्रे घेणारा सेन्सर. त्यातून हजारो चौकटींचा व्हिडिओ घ्यायचा, हवा क्षणभर स्थिर असताना आलेल्या चौकटी सॉफ्टवेअरने निवडायच्या आणि तेवढ्याच एकत्र करायच्या. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हौशी मंडळींनी फिलिप्सच्या टूकॅम या घरगुती वेबकॅमने ही क्रांती केली. नेदरलँड्सच्या कोर बेरेव्होट्स यांचे रेजिस्टॅक्स आणि पुढे एमिल क्राइकाम्प यांचे ऑटोस्टॅकर्ट ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर हौशी माणसांनीच लिहून दिली. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत आटोपावा लागतो. ग्रहांचा छंद धरणाऱ्याला गावाबाहेर जावे लागत नाही. मुंबईच्या गच्चीवरूनही शनीची कडी टिपता येते, कारण ग्रह तेजस्वी असतात आणि प्रकाशप्रदूषणाची त्यांना फारशी बाधा नसते.

कॅमेऱ्याच्या निवडीत वापरलेला डीएसएलआर आजही सर्वांत समंजस सुरुवात आहे. तेजोमेघांतला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात झळकतो आणि नेमका हाच प्रकाश कॅमेऱ्यातील फिल्टर बराचसा अडवतो. त्यामुळे नेहमीच्या कॅमेऱ्यात अनेक तेजोमेघ फिकुटलेले येतात. कॅननने २००५ मध्ये २०डीए आणि २०१२ मध्ये ६०डीए हे खास खगोल छायाचित्रणाचे कॅमेरे काढले होते. जुन्या कॅमेऱ्यातला फिल्टर जाणकाराकडून बदलून घेणे हा त्याचा स्वस्त पर्याय. कृत्तिकांसारखा तारकागुच्छ, दीर्घिका, आकाशगंगेचा पट्टा यांना या बदलाची निकड नाही, तेव्हा तो पहिल्या दिवशी करण्याची घाई नको.

शीतकरण असलेले खगोल कॅमेरे महाग असतात. पण उष्ण प्रदेशात त्यांचे मोल थंड देशांपेक्षा जास्त, ही गोष्ट खरी आहे. सेन्सरमधला उष्णतेचा विद्युतप्रवाह साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. एप्रिलमधल्या विदर्भातील रात्री आणि जर्मनीतील रात्री यांत वीस अंशांचा फरक असेल, तर तोच कॅमेरा इथे असा सुमारे दहापट प्रवाह सोसतो. शीतकरण परवडत नसेल तर झाकण लावून तेवढ्याच तापमानाला आणि तेवढ्याच वेळेची ‘डार्क’ छायाचित्रे घेऊन ती वजा करता येतात. सेन्सरवरच्या धुळीचे डाग आणि कडेचा अंधार काढणारी ‘फ्लॅट’ छायाचित्रे पांढरा टी-शर्ट ताणून संध्याकाळच्या आभाळाकडे रोखून मिळतात. अचूक फोकससाठीची जाळी रशियाच्या पावेल बाख्तिनोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते. ती काळ्या कार्डशीटमधून कापता येते.

गेल्या काही वर्षांत या पायऱ्यांना वळसा घालणारा एक मार्ग निघाला आहे. चीनच्या झेडडब्ल्यूओ कंपनीने २०२३ मध्ये आणलेली सीस्टार एस५० ही ५० मिलिमीटर व्यासाची, २५० मिलिमीटर फोकल लेंथची, अडीच किलोची दुर्बीण स्वतःच आकाश ओळखते, वस्तू शोधते, फोकस करते आणि स्टॅकिंग करून छायाचित्र मोबाइलवर पाठवते. माफक किमतीत दुर्बीण, माउंट, कॅमेरा आणि संगणक एकत्र मिळणे हे खरोखरच मोठे पाऊल आहे. तिचा सेन्सर दोन मेगापिक्सेलचा आहे आणि चौकट सव्वा अंशाची, त्यामुळे मोठ्या वस्तूंसाठी तुकडे जोडावे लागतात. भाग बदलून ती वाढवता येत नाही. ज्याला वेळ कमी आहे, ज्या शाळेला मुलांना एका संध्याकाळी पाच-सहा तेजोमेघ दाखवायचे आहेत किंवा ज्याला जड सामान उचलणे शक्य नाही, त्याने ती निःसंकोच निवडावी. ज्याला छायाचित्राच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतःचा हात हवा आहे, त्याला ती लवकरच अपुरी वाटेल.

सर्वांत परिणामकारक साधन मात्र दुकानात मिळत नाही. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखासाठी १ ते ९ अशी श्रेणी मांडली. आठव्या श्रेणीचे शहरी आकाश आणि चौथ्या श्रेणीचे गावाकडचे आकाश यांच्या उजेडात साधारण तीन दृश्यप्रतींचा, म्हणजे सोळापट फरक असतो. गावाकडे एका तासात जी दीर्घिका जितकी स्वच्छ मिळते, तितकीच शहरात मिळवायला सुमारे सोळा तास लागतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याच रेषा आत सोडणारा दुहेरी फिल्टर तेजोमेघांपुरता शहरातही उपयोगी पडतो. दीर्घिका आणि तारकागुच्छ सर्व रंगांत प्रकाशतात, तिथे त्याचा इलाज चालत नाही. सोडियम दिव्यांच्या जमान्यातले जुने फिल्टर पांढऱ्या एलईडी दिव्यांपुढे बरेचसे हतबल झाले आहेत. अशा वेळी महागड्या फिल्टरपेक्षा अमावास्येच्या आसपास गावी जाणाऱ्या एसटीचे तिकीट कामाला येते. २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही महाराष्ट्रासाठी अभिमानाची आणि उपयोगाचीही बाब आहे.

इथल्या आकाशाची एक देणगी युरोपला हेवा वाटावी अशी आहे. आकाशगंगेचे धनु राशीतील केंद्र पुण्यातून ४२ अंश उंच येते, लंडनहून ते दहा अंशही चढत नाही. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ इथून २४ अंशांवर येतो, लंडनहून उगवतच नाही. पण हे केंद्र संध्याकाळी वर असते त्या जून ते सप्टेंबरमध्ये पाऊस असतो. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या पहाटा त्याच्यासाठी राखून ठेवाव्या लागतात. पावसाळ्याचे चार महिने लेन्स आणि दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्या लागतात, नाहीतर काचेवर बुरशी धरते. हिवाळ्यात दव पडते तेव्हा लेन्सभोवती गुंडाळायची ऊबपट्टी लागते. डबा आणि पट्टी या दोन्ही गोष्टी पहिल्याच यादीत असाव्यात.

छोट्या साधनांतून विज्ञानाला हातभार लागतो का, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत ठसठशीत मिळाले आहे. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांनी घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूवर आघाताचा ताजा काळा डाग टिपला. २० सप्टेंबर २०१६ रोजी अर्जेंटिनातील रोसारिओ येथे व्हिक्टर बुसो आपल्या घरच्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासून पाहत होते. एनजीसी ६१३ या दीर्घिकेची छोटी छोटी एक्स्पोजर घेताना त्यांना एका अतिनवताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला उजेड सापडला. त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आणि २०२३ च्या सुरुवातीला फ्रान्सचे यान सेंटी व झेवियर स्ट्रॉटनर आणि जर्मनीचे मार्सेल ड्रेक्स्लर यांनी व्यावसायिक संशोधकांच्या साथीने देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनची एक प्रचंड कमान असल्याचे जाहीर केले. आकाशातल्या सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या दीर्घिकेच्या बाजूलाच ती तोवर कुणाला दिसली नव्हती. ती सापडली १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीत, शंभराहून अधिक तासांच्या एक्स्पोजरमधून. त्यांची सामग्री महागड्या वर्गातली होती, पण चार इंची होती, आणि मोठमोठ्या सर्वेक्षणांतून निसटलेली वस्तू तिने पकडली ती त्या तासांच्या जोरावर.

खरेदीपूर्वी दुसऱ्याच्या साधनांना हात लावायला मिळणे हे फार मोलाचे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी खगोलप्रेमींना एकत्र आणते आहे, मुंबईचे खगोल मंडळ वर्षानुवर्षे रात्रभराची आकाशदर्शने भरवते आहे. अशा ठिकाणी एकाच मैदानावर चार-पाच माउंट उभे दिसतात. कुठला उचलताना कंबर धरते, कुठला वाऱ्यात थरथरतो, कुठल्याची केबल दर वेळी अडकते, हे तिथे एका रात्रीत समजते. वापरलेली साधने विश्वासाने मिळण्याची जागाही हीच.

पुढील प्रकरणे या प्रस्तावनेच्या क्रमानेच येतात: प्रथम ट्रायपॉड आणि लेन्स, मग ट्रॅकर, मग माउंट, दुर्बीण, कॅमेरा आणि शेवटी संगणकावरची प्रक्रिया. ग्रहांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि सूर्यासाठीही. सूर्याच्या प्रकरणात दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर प्रमाणित सौर फिल्टर बसवल्याखेरीज एकही कृती सांगितलेली नाही. किमती मुद्दाम छापलेल्या नाहीत. आयातशुल्क, विनिमयदर आणि नवी मॉडेल यांमुळे त्या वर्षभरात शिळ्या होतात. त्याऐवजी प्रत्येक साधनाचे वजन, फोकल लेंथ, सेन्सरचे माप आणि पिक्सेलचा आकार दिला आहे, म्हणजे उद्या बाजारात येणारे नवे साधनही वाचकाला याच मापांनी जोखता येईल. पहिल्या प्रकरणासाठी घरात असलेला कॅमेरा पुरेसा आहे. डिसेंबरमधली निरभ्र रात्र, ५० मिलिमीटरची लेन्स, तीन सेकंदांची सहाशे छायाचित्रे आणि मृगातला तेजोमेघ, असा त्यातला पहिला पाठ. तो पूर्ण झाल्यावर आपल्या छायाचित्रात काय कमी पडते हे वाचकाला दिसेल आणि पुढचे कोणते प्रकरण उघडायचे ते त्यावरून ठरवता येईल.